समुद्रातलं गोडं पाणी

पांढरकवड्याच्या दोस्तांनो, तुमच्याकडे कापूस आहे, टिपेश्वरचे वाघ आहेत. नाही तो फक्त समुद्र! म्हणून या सुट्टीत आई-बाबांकडे हट्ट धरायचाच असेल, तर मालवणचा धरा. तिथल्या धक्क्यावरून होडीत बसलं की थोड्याच वेळात कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग येतो. शिवरायांनी १६६४ मध्ये तो बांधायला घेतला. दरवाजा कुठाय, ते अगदी जवळ जाईपर्यंत कळतच नाही!

बरेच जण धावतपळत किल्ला बघून तासाभरात परततात. तुम्ही मात्र चांगले रेंगाळा. शिवराजेश्वराच्या देवळात जा, तटावर बसून वारा खा. आत काही घरंही आहेत बरं का! पिढ्यान्‌पिढ्या माणसं इथे राहत आली आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या बंद. चहूकडे खारं पाणी. मग ही माणसं पितात काय?

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! बाव म्हणजे विहीर, आणि या तिन्हींचं पाणी चक्क गोडं. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वरच्या वर राहतं. पण अशा ठिकाणी उपसा फार झाला, तर खालचं खारं पाणी वर सरकतं. मग सगळाच बट्ट्याबोळ!

तेव्हा तिथे विहिरीत बाटली भिरकावणारा कुणी दिसला, तर ‘अहो काका!’ म्हणून खुशाल टोका. आणि हो, परतताना मालवणच्या बाजारातून गूळ-आल्याचं खाजं घ्या. एक पुडा आमच्यासाठी!