जयचे चाहते आणि धुऱ्यावरचा करंट

विदर्भातल्या सर्वांत नावाजलेल्या वाघाचे नाव सिनेमातून आले. नागझिऱ्यात जन्मलेल्या दोन भावांना 'शोले'तल्या जोडीवरून जय आणि वीरू म्हटले जाऊ लागले. त्यातला जय 2013 मध्ये शेते, रस्ते आणि नाले ओलांडत उमरेड-करांडल्यात येऊन पोहोचला. पुढची तीन वर्षे त्याच्या दर्शनासाठी झुंबड उडाली, त्याचे फोटो पहिल्या पानावर आले, त्याच्या आकाराचे आणि 'साम्राज्या'चे किस्से रंगले. 2015 मध्ये राज्य सरकारने अमिताभ बच्चन यांना व्याघ्रदूत नेमले आणि पडद्यावरचा जय रानातल्या जयच्या कामाला आला. मग एप्रिल 2016 मध्ये हा वाघ गळ्यातल्या रेडिओ कॉलरसकट दिसेनासा झाला. शोधपथके निघाली, सीबीआय चौकशीची मागणी झाली, महिनोन्‌महिने बातम्या चालल्या. त्याचे काय झाले, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

नटनट्यांच्या बातम्यांची भाषा आपण जशीच्या तशी वाघांना लावली आहे. वाघीण 'राणी' होते, तिची लेक 'वारसदार' होते, दोन नरांची झुंज 'गादीची लढाई' होते. पेंचच्या मध्य प्रदेशातल्या भागात 29 बछड्यांना जन्म देणारी कॉलरवाली 'सुपरमॉम' झाली. ती जानेवारी 2022 मध्ये गेली तेव्हा चिता रचून, शेजारच्या गावातल्या आदिवासी महिलेच्या हातून तिला अग्नी देण्यात आला. त्या निरोपात खरी माया होती, आणि तिला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. पण वाघाला ताऱ्याचे वलय देण्याची ही सवय आपण मोडली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. तिने वाघाचे रक्षण होत नाही आणि वाघाच्या शेजाऱ्याचे तर मुळीच होत नाही.

पारशिवनी तालुक्यातून पाहिले की हे लवकर लक्षात येते. तालुक्याचा उत्तरेकडचा भाग थेट पेंच व्याघ्र प्रकल्पाला टेकलेला आहे आणि कोलितमाऱ्याचे सफारी गेट याच तालुक्यात आहे. पेंच नदी याच जंगलातून तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांत येते आणि नागपूरकरांच्या नळाला जाते. इथे वाघ पाहुणा नाही. मोहफुले वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, गुरे चारायला जाणारी माणसे आणि वाघ एकाच पायवाटा वापरतात. कपाशी, तूर, धान उभे असले की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात आणि शेतकऱ्याला जागलीला जावे लागते. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की ओलितालाही अंधारातच जावे लागते.

याच रानडुकरांच्या त्रासातून धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा करंट जन्मतो. तो कसा लावतात हे शहरातल्या वाचकाने एकदा नीट समजून घ्यावे. गुडघाभर उंचीच्या खुंट्या ठोकायच्या, करंट जमिनीत उतरू नये म्हणून त्यांवर काचेच्या बाटल्यांची तोंडे नाहीतर प्लास्टिकच्या नळीचे तुकडे बसवायचे, त्यावरून बारीक तार ओढायची आणि अंधार पडला की जवळच्या वीजवाहिनीवर आकडा टाकायचा. या तारेला डुक्कर, वाघ आणि वाट चुकलेला शेजारी यांतला फरक कळत नाही. जयचा मुलगा श्रीनिवास एप्रिल 2017 मध्ये नागभीडजवळच्या एका शेतात असाच मेला. त्याचे कलेवर पुरून टाकलेले सापडले. प्रसिद्ध बापाचा प्रसिद्ध मुलगा म्हणून ती बातमी झाली. पण 'जयचा मुलगा गेला' ही हळहळ जितकी वाचली गेली, तितकी त्या तारेची बातमी वाचली गेली नाही. डुकरांनी शेत उद्ध्वस्त केल्यावर भरपाई किती दिवसांत मिळते, शेतीपंपाला दिवसा वीज का नाही, सौर कुंपणाचे अनुदान खरोखर कुणापर्यंत पोहोचते, हे प्रश्न श्रीनिवासबरोबरच पुरले गेले.

प्रसिद्धी वाघाला वाचवत नाही, याचा दुसरा पुरावा यवतमाळ जिल्ह्यातला आहे. वनखात्याच्या कागदावर टी-1 असलेली वाघीण शहरी प्राणिप्रेमींच्या मोहिमेत अवनी झाली, दिल्ली-मुंबईपर्यंत तिच्यासाठी मोर्चे निघाले, सिनेसृष्टीतले लोक हळहळले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती गोळीने मेली. तिला मारण्याची पद्धत चुकीची होती की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. अवनी हे नाव देशाला पाठ झाले, त्या तेरापैकी एकाचे तरी नाव वाचकाला आठवते काय? ज्या गावांत दोन वर्षे लोक भीतीने शेतात जाईनात, तिथे देशभर एका वाघिणीसाठी आसवे गाळली जात असल्याचे दिसले, तर त्या गावांना वाघाबद्दल काय वाटेल? वाघाचे आयुष्य शेवटी त्याच गावांच्या सहनशीलतेवर उभे आहे.

जिथे वाघ सुरक्षित असायला हवा तिथेही प्रसिद्धीची किंमत तोच मोजतो. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-करांडल्याच्या गोठणगाव भागात एफ-2 ही वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी लागल्या. पुढे गाड्या, मागे गाड्या, मोबाइल उंचावलेले हात, आणि मध्ये वाट न सापडणारी आई. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. नटाच्या गाडीला चाहत्यांनी गराडा घालावा तशीच ही गोष्ट होती. फरक इतकाच की नटाने ती गर्दी कमावलेली असते आणि वाघिणीने कधी मागितलेली नसते. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइलला मनाई करण्याचे निर्देश दिले, ते योग्यच झाले. पण कारवाई प्रामुख्याने चालक-गाईडवर झाली. 'अमुकच वाघीण दाखवा' असा हट्ट धरणारा पर्यटक आणि ती भूक वाढवणारे आपण सगळे त्यातून सुटलो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. नाव दिल्याशिवाय माणसाला जिव्हाळा वाटत नाही, जिव्हाळ्याशिवाय संवर्धनाला पैसा आणि पाठबळ मिळत नाही. जयला नाव नसते तर त्याला शोधायला कोणी गेले असते का? बहुधा नसतेच. पण या युक्तिवादातच त्याची मर्यादा आहे. 2022 च्या गणनेत राज्यात 444 वाघ मोजले गेले. त्यांतल्या नामवंतांना दोन हातांची बोटे पुरतात. उरलेले मेले तर आतल्या पानावरचे चार ओळींचे वृत्त. जिव्हाळा एका वाघापाशी थांबतो, दुसऱ्यापर्यंत जात नाही. दुसरा आक्षेप रोजगाराचा. सफारीवर गाईड, चालक, होम-स्टेवाले यांची घरे चालतात हे खरे, आणि म्हणूनच मला ही प्रसिद्धी धोक्याची वाटते. एका वाघिणीच्या नावावर चाललेला धंदा ती दुसरीकडे गेली की बसतो. नदी, पक्षी आणि आकाश यांवर उभा राहिलेला धंदा बसत नाही. पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अंधाराचेही पर्यटन होऊ शकते, हे याच जंगलाने दाखवले आहे.

कामाची बातमी कशी असते, तेही याच जंगलाच्या कडेला दिसते. मनसर ते खवासा महामार्गावर प्राण्यांसाठी नऊ मार्ग पुलाखालून काढले. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले तेव्हा 2019 मध्ये अकरा वेगवेगळ्या वाघांनी ते वापरल्याचे आढळले. या अकरांना कुणी चाहते नाहीत, त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. तरीही ते वाहनाखाली न येता रस्ता ओलांडत होते, कारण न्यायालयीन लढाई, अभियंते आणि पैसा त्यांच्या वाटेवर खर्च झाला.

माझे मागणे वृत्तपत्रांकडे आणि वाचकांकडेही आहे. वाघ मेल्याच्या बातमीत तो कुणाचा मुलगा हे छापण्याआधी ती तार कुणाच्या धुऱ्यावर होती, आकडा कुठल्या वाहिनीवर टाकला होता आणि त्या शेतकऱ्याने नुकसानीचा अर्ज कधी केला होता, हे छापा. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार 25 लाख रुपये देते. ते घरच्यांना कधी मिळाले, हे सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. आणि पारशिवनीच्या शेतकऱ्याला दिवसा वीज द्या, अशी मागणी नागपूरकर वाघप्रेमींनी जयसाठी उठवला तेवढ्याच आवाजात करावी.