बदली झाली, गाडीतला बदल नोंदवला का?

पुण्याहून इंदूर, नागपूरहून हैदराबाद, ठाण्याहून वडोदरा. बदलीची ऑर्डर आली की घरात याद्या सुरू होतात. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, गॅस कनेक्शन, बँकेतला पत्ता, सामानाचा टेम्पो. गाडीचे काय, असे कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते, ‘तिचे काय, चालवत नेऊ!’

चालवत नेता येते, यात शंका नाही. प्रश्न पोहोचल्यानंतरचा आहे. नव्या राज्यात पासिंगसाठी गाडी आरटीओत उभी राहते. निरीक्षक आरसी हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारतात आणि विचारतात, ‘आरसीवर इंधन पेट्रोल लिहिले आहे. मग डिकीत ही सीएनजीची टाकी कशी?’ किंवा, ‘इथे रंग पांढरा आहे, गाडी तर काळी दिसते!’ तुम्हाला त्या बदलाची इतकी सवय झालेली असते की तो बदल आहे हेसुद्धा तुम्ही विसरलेले असता.

असे का होते? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. एकदा शोरूममधून पासिंग होऊन गाडी घरी आली की १५ वर्षांत आरटीओचा माणूस ती समोरून पाहतोच असे नाही. टॅक्सी किंवा टेम्पोला ठरावीक काळाने फिटनेससाठी जावे लागते, घरच्या गाडीला नाही. त्यामुळे मधल्या काळात केलेले बदल तसेच राहून जातात. राज्य बदलले की पहिल्यांदा कोणीतरी कागद आणि गाडी शेजारी ठेवून पाहते. म्हणून या वेळचे सांगणे एवढेच: गाडीतल्या बदलांचा हिशेब जुन्या गावातच मिटवा, मग निघा.

कोणता बदल म्हणजे ‘बदल’?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये याचे उत्तर आहे. गाडीच्या रचनेत असा फेरफार, की ज्यामुळे तिचे मूळ वैशिष्ट्यच बदलते, त्याला कायदा ‘बदल’ म्हणतो. आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असे काही मालकाने करायचे नाही, हा मूळ नियम. केरळमधून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने हेच स्पष्ट केले. कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारी गाडी नोंदवता येणार नाही.

घाबरून जाऊ नका. आपल्या गाडीतल्या गोष्टींचे तीन गट करा, म्हणजे चित्र स्वच्छ होईल.

पहिला गट निरुपद्रवी गोष्टींचा. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, पायपुसणी, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापातले टायर. यांची नोंद लागत नाही.

दुसरा गट चालणाऱ्या, पण आरसीवर नोंद हव्याच असणाऱ्या बदलांचा. सीएनजी किंवा एलपीजी किट, गाडीचा रंग, जुने इंजिन गेल्यावर बसवलेले त्याच बनावटीचे दुसरे इंजिन, दिव्यांग व्यक्तीसाठी करून घेतलेली रचना. इंजिन आणि दिव्यांगांसाठीची रचना यांना आरटीओची मंजुरी घ्यायची असते. मंजुरीशिवाय बदल झाला असेल, तर तो १४ दिवसांत कळवायचा असतो. रंगाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. जीप किंवा बुलेटला हौसेने लष्करी हिरवा रंग देतात, पण तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. त्याची नोंद होणार नाही.

तिसरा गट काढूनच टाकायच्या गोष्टींचा. पुढे बसवलेला लोखंडी क्रॅश गार्ड, फटाके फोडणारा सायलेन्सर, वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न, काचांवरची काळी फिल्म, कापून लहान-मोठी केलेली चॅसी. क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करा, असे केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले आहे. धडकेत तो पादचाऱ्याला जास्त इजा करतो आणि गाडीच्या एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो. काचांचे म्हणाल, तर पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. गार्ड, सायलेन्सर आणि किट मिळून तीन होतात.

सीएनजी किट: सगळ्यांत जास्त अडणारी गोष्ट

पेट्रोलचे भाव वाढले आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये किट बसवून घेतले, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. किट बसवणे बेकायदा नाही. कलम ५२ मध्येच त्याची मुभा आहे. अट अशी, की ते किट तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी मंजूर झालेले असावे. ही तपासणी पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा संस्था करतात. टाकीची मंजुरी ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेच्या अखत्यारीत येते. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

तेव्हा किटची फाइल शोधा. त्यात बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचे प्रमाणपत्र, किटच्या मंजुरीची प्रत, टाकीचा क्रमांक आणि टाकीच्या चाचणीचा दाखला हवा. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते. तिची तारीख गाडीवरच्या छोट्या पाटीवर असते आणि गॅस भरताना पंपावरचा माणूस तीच पाहतो. तारीख उलटली असेल, तर आधी चाचणी करून घ्या. ही केवळ कागदाची बाब नाही. प्रचंड दाबाने भरलेली ती टाकी मुलांच्या पाठीमागे, डिकीत असते.

किट मंजूर असूनही नोंद राहून गेली असेल, तर घरच्या आरटीओत अर्ज करून आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ अशी नोंद करून घ्या. बसवणारे केंद्र त्याच शहरात आहे, एखादा कागद कमी पडला तर तिथून आणता येतो. हेच काम हैदराबादेत बसून करायचे म्हटले तर नागपूरच्या गॅरेजवाल्याला किती फोन करावे लागतील, याची कल्पना करा. आणि किट मंजूर नसेलच, तर ते काढून गाडी मूळ रूपात आणणे हाच मार्ग आहे.

निघण्याआधी, या क्रमाने

१. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर आरसी उघडा आणि गाडीजवळ जाऊन ताडून पाहा. रंग, इंधन, आसनसंख्या, इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक.

२. तिसऱ्या गटातल्या गोष्टी काढा, दुसऱ्या गटातल्या गोष्टींची नोंद करा.

३. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे संमतीपत्र घ्या. कर्ज फिटले असेल, तर आरसीवरचा बोजा उतरवला आहे का ते पाहा. शेवटचा हप्ता भरला म्हणजे बोजा आपोआप उतरला, असे नेहमीच होत नाही.

४. राहिलेले ई-चलान आणि कर भरून टाका.

५. आता एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. त्यासाठी फॉर्म २८ भरायचा. सोबत चॅसी क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप लागते. गाडी चोरीच्या गुन्ह्यात नाही आणि सरकारी देणे बाकी नाही, याची खात्री करून आरटीओ दाखला देते. ३० दिवसांत नकार कळवला नाही, तर दाखला मिळाला असे कायदा मानतो.

हा क्रम उलटा करू नका. एनओसीवर आरसीतलाच तपशील उतरतो. आधी एनओसी आणि मग बदलाची नोंद, असे केले की दोन कागद दोन गोष्टी सांगू लागतात.

पोहोचल्यावर

नव्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. पत्ता बदलल्याचे मात्र ३० दिवसांत कळवायचे असते. रस्त्यावरचा कर हा राज्याचा विषय आहे आणि त्याचे नियम राज्याप्रमाणे बदलतात. म्हणून वर्षभर थांबू, असे ठरवण्याआधी तिथल्या आरटीओत कराबद्दल विचारून घ्या.

नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७, एनओसी, विमा, पीयूसी आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. गाडीचे वय पाहून कर ठरतो. नवा क्रमांक मिळाला की हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवा. विमा पॉलिसी आणि फास्टॅगवरही क्रमांक बदलून घ्या. जुन्या राज्यात एकरकमी भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण नव्या नोंदणीचा पुरावा जोडून अर्ज केला तरच. हे पैसे बरेच लोक सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठी २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आहे. सरकारी, संरक्षण दलातील आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील कर्मचारी ती घेऊ शकतात. मग दर वेळी क्रमांक बदलावा लागत नाही. पण बीएच क्रमांकामुळे न नोंदवलेले किट किंवा रंग माफ होत नाही.

ज्यांची गाडी हेच त्यांचे पाय आहेत

बाजूला दोन चाके जोडलेली स्कूटर, हाताने चालणारे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बसवलेली कार. घरात असे वाहन असेल, तर त्याचे कागद सगळ्यांत आधी करा. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत बदल करायला आरटीओच्या मंजुरीने कायदा स्पष्ट परवानगी देतो. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून चाके जोडून घेतली आणि आरसी मात्र साध्या स्कूटरचीच राहिली, असे पुष्कळदा घडते. ओळखीच्या गावात कोणी अडवत नाही. नव्या शहरात पासिंगला गाडी अडकली, तर त्या माणसाचे कामावर जाणे थांबते. इतरांना रिक्षा आहे, बस आहे. त्याला तेवढे पर्याय नसतात.

म्हणून आरसीवर नोंद, वाहन परवान्यावर त्या प्रकारच्या वाहनाचा उल्लेख आणि देशभर चालणारे युडीआयडी कार्ड, या तिन्ही गोष्टी हाताशी ठेवा. अनेक राज्यांत अशा वाहनाला करसवलत मिळते. ती त्या राज्यापुरती असते. नव्या राज्यात ती मागावी लागते, तेव्हा कर भरण्याआधी विचारा.

विमा काय म्हणतो?

‘दंड झाला तर भरू,’ असे म्हणणारे बरेच असतात. पण मोठे नुकसान दंडात नाही, विम्यात आहे. अपघात, आग किंवा चोरी झाली की विमा कंपनी पहिल्यांदा आरसी मागते. किटची माहिती कंपनीला दिलेली नसेल, त्याचा जादा हप्ता भरलेला नसेल, तर दावा अडवायला तिच्या हाती कारण येते. न्यायालयेही नोंदणीकडे किती काटेकोरपणे पाहतात, याचे एक उदाहरण घ्या. राजस्थानातल्या एका माणसाची नवी बोलेरो जोधपूरला मुक्कामाच्या ठिकाणाहून चोरीला गेली. तात्पुरती नोंदणी काही दिवसांपूर्वीच संपली होती, कायमची झाली नव्हती. चोरीशी त्याचा काय संबंध, असे आपल्याला वाटेल. पण विमा कंपनीने दिलेला नकार सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये योग्य ठरवला. तिथे प्रश्न किटचा नव्हता, नोंदणीचा होता. पण कागद पुरा नसेल तर भरलेला हप्ताही कामाला येत नाही, हे त्यातून समजते.

बदलीच्या गडबडीत एजंटला सगळे सोपवून मोकळे व्हावेसे वाटते. त्याची मदत जरूर घ्या, पण आरसी आणि गाडी ताडून पाहण्याची दहा मिनिटे स्वतः काढा. घरातल्या कोणालाही सोबत घ्या. एकाने वाचावे, दुसऱ्याने गाडीकडे पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे. जिथे ‘नाही’ येईल, तेवढेच काम सामानाचा टेम्पो भरण्याआधी उरकायचे आहे.