‘दिल दोस्ती दोबारा’ वर्षभरही टिकली नाही, तरी आठवण का निघते?

डिजिटल डेस्क, मूर्तिजापूर : दिवाळीच्या आदल्या दिवशी मूर्तिजापूर स्टेशनवर पुणे-मुंबईकडून येणारी गाडी लागली की अर्धा डबा तरण्या पोरांनी रिकामा होतो. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात मिठाईचा डबा. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधले सात-आठ जण त्यातच असतात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर पगार, भाडं, लग्न हे विषय संपले की कुणीतरी म्हणतं, “काय बे, माजघर आठवते का?” मग अर्धा तास दुसरं काही नाही.

ज्यांना हा संदर्भ लागला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च २०१५ मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ सुरू झाली. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारे सहा जण, आणि त्या फ्लॅटचं नाव माजघर. अमेय वाघ, सखी गोखले, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, स्वानंदी टिकेकर आणि पूजा ठोंबरे हे सहा चेहरे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मालिका संपली. बरोबर एका वर्षानं, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तेच सहा जण ‘दिल दोस्ती दोबारा’ घेऊन आले. ही मालिका मात्र वर्ष पूर्ण व्हायच्या आत बंद झाली.

ही ‘स्पिन-ऑफ’ होती का?

काटेकोर अर्थानं नाही. एखाद्या गाजलेल्या मालिकेतलं पात्र उचलून त्याला स्वतंत्र मालिका दिली, तर तिला स्पिन-ऑफ म्हणतात. ‘भाभीजी घर पर हैं’मधला दरोगा हप्पू सिंग २०१९ मध्ये ‘हप्पू की उलटन पलटन’चा नायक झाला, हे त्याचं सरळ उदाहरण. ‘दोबारा’मध्ये पात्रं नवी होती, नावं नवी होती, कथाही नवी. फ्लॅटच्या जागी ‘खयाली पुलाव’ नावाचं रेस्टॉरंट आलं. जुन्या मालिकेतून आले ते फक्त चेहरे आणि नावातली ‘दिल दोस्ती’. पण चाहत्यांनी तिला पहिल्या मालिकेची शाखा म्हणूनच पाहिलं आणि वाहिनीलाही तेच हवं होतं. नाहीतर ‘दोबारा’ असं नाव कशाला?

मग चाहते आले कशासाठी?

चेहऱ्यांसाठी, असं सोपं उत्तर आहे. ते अर्धंच खरं आहे.

मराठीतलीच दुसरी उदाहरणं पाहा. ‘अग्गंबाई सासूबाई’ २०१९ मध्ये आली. सुनेनं सासूचं दुसरं लग्न लावून देणं ही कल्पना घरोघरी आवडली. मार्च २०२१ मध्ये तिचा पुढचा भाग ‘अग्गंबाई सूनबाई’ सुरू झाला. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक कायम राहिले, पण तेजश्री प्रधानची शुभ्रा आता उमा पेंढारकर झाली आणि आशुतोष पत्कीचा सोहम अद्वैत दादरकर झाला. सासूसाठी ठाम उभी राहणारी शुभ्रा नव्या मालिकेत दबलेली दिसू लागली. पात्रांची नावं तीच, माणसं वेगळी. तीही त्याच वर्षी आटोपली.

याउलट ‘रात्रीस खेळ चाले २’. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या या भागानं गोष्ट मागे नेली. पहिल्या भागात ज्यांच्या मृत्यूनं सुरुवात झाली होती, ते अण्णा नाईक इथे हिंडते-फिरते दिसले, शेवंता आली आणि मालिका ऑगस्ट २०२० पर्यंत चालली. वाडा मात्र तोच होता. कोकणात फिरायला गेलेली वऱ्हाडातली मंडळीही आकेरीचा तो वाडा बघून फोटो काढून येतात.

या तीन मालिका शेजारी ठेवल्या की माझ्यापुरता निष्कर्ष असा निघतो : प्रेक्षक परत येतो तो घरासाठी. घर म्हणजे भिंती नव्हेत. कोण कुणावर खेकसतं, कोण कुणाचं ऐकतं, चिडलेला माणूस कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसतो, ही सगळी मांडणी. अमेरिकेत ‘फ्रेण्ड्स’ संपल्यावर २००४ मध्ये जोईला स्वतःची मालिका मिळाली. तो न्यूयॉर्कमधल्या मित्रांना सोडून लॉस एंजेलिसला गेला आणि दोन सीझनमध्ये खेळ संपला. ‘चिअर्स’मधला फ्रेझरही शहर सोडून गेला होता, पण त्याला सिएटलमध्ये बाप, भाऊ आणि बापाची जुनी खुर्ची असं नवं घर मिळालं. ती मालिका ११ सीझन चालली.

‘दोबारा’कडे चेहरे होते, पण माजघर नव्हतं. रेस्टॉरंटमध्ये माणसं येतात-जातात, तिथे कुणी घरासारखं रुसून बसत नाही.

माजघर आम्हाला एवढं का लागलं?

कारण आम्ही तेव्हा नुकतंच घर सोडलं होतं. मी २०१५ मध्ये अमरावतीला पहिल्या वर्षाला होतो. एका खोलीत चौघं, एक गॅस, एक बादली. मालिका रात्री साडेदहाला लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. घरमालकीण काकू दार लोटून ठेवायच्या, आम्ही उंबऱ्याच्या आत चपला काढून जमिनीवर बसायचो. “आवाज नोका करू, मंग पाहा,” एवढीच त्यांची अट. टीव्हीवरची मंडळी सासू-सुनेच्या कारस्थानाऐवजी भांडी कोण घासणार यावर भांडत होती. आमचंही रोजचं भांडण तेच होतं.

मुंबईत वाढलेल्यांना ती मैत्रीची मालिका वाटली असेल. मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंज्याहून शिकायला निघालेल्यांना तिच्यात वेगळी गोष्ट दिसली : अनोळखी लोकांबरोबरही घर उभं करता येतं. अठरा वर्षांच्या पोराला तेव्हा याची खात्री कुणीतरी द्यायला हवी असते.

‘दोबारा’ आवडली, तर बंद का झाली?

इथे मोजणीचा मुद्दा येतो. आपल्याकडे टीआरपीचे आकडे ‘बार्क’ ही संस्था देते. निवडक घरांतल्या टीव्हीला यंत्र जोडलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखतं. त्यावरून दर आठवड्याचे आकडे निघतात. खेड्यातली घरं या आकड्यांत आली तीसुद्धा ऑक्टोबर २०१५ पासून.

आता २०१७ आठवा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं. ‘दोबारा’ सुरू झाली तेव्हा फुकट डेटाचे दिवस होते. आम्ही काकूंच्या टीव्हीसमोरून उठून आपापल्या फोनमध्ये शिरलो होतो. झीचं ‘झी फाइव्ह’ ॲप मात्र आलं फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे तरुण प्रेक्षक टीव्हीपासून दूर गेला होता आणि फोनवर त्याच्यासाठी नीट जागा तयार झालेली नव्हती. त्या मधल्या वर्षात ही मालिका सापडली. तिच्या बंद होण्याचं हे एकच कारण असा दावा मी करणार नाही. कथेतली ढिलाई चाहत्यांनाही जाणवत होती. पण जे तिच्यावर सर्वाधिक जीव लावत होते, ते खोल्यांमध्ये, होस्टेलमध्ये राहत होते. त्यांच्याकडे टीव्हीच नव्हता, मग यंत्र कुठून असणार? आम्ही पाहत होतो, मोजले जात नव्हतो.

यातून वाहिन्यांनी काय घ्यावं?

पहिलं, मुदत आधी सांगावी. ‘दोबारा’च्या आधी याच वाहिनीवर ‘१०० डेज’ आली होती, नावातच मुदत घेऊन. गाजलेल्या मालिकेची शाखा काढायची तर साठ-सत्तर भागांची, ठरलेल्या शेवटाची काढावी. कथा ताणावी लागत नाही आणि अचानक निरोपही नको.

दुसरं, चेहरे किंवा नाव यांवर भागेल असं समजू नये. जुनं घर न्यायचं नसेल तर नवं घर बांधायला वेळ द्यावा. याच कलाकारांपैकी चौघांनी २०१६ मध्ये ‘अमर फोटो स्टुडिओ’ हे नाटक केलं. तिथे दुनियादारीचं नाव नव्हतं, जग पूर्ण वेगळं होतं, आणि प्रेक्षकांनी ते स्वतंत्रपणे उचलून धरलं.

तिसरं, फोनवरचा प्रेक्षक टीव्हीवरच्या प्रेक्षकाबरोबरीनं मोजावा. मालिकेचं आयुष्य आकड्यांवर ठरणार असेल, तर लहान गावातून बाहेर पडून भाड्याच्या खोलीत राहणारं पोरगं त्या आकड्यात दिसलं पाहिजे.

गेल्या दिवाळीत टपरीवरच्या गप्पांत एकानं कबूल केलं, की दुनियादारीपेक्षा त्याला ‘दोबारा’च जास्त आवडली होती. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, “तुमाले नसंन पटत. मी तवा पुन्यात एकटा होतो, इंटर्नशिपले. रोज राती जेवताना तेच लावत होतो.”

त्यानंतर कुणी हसलं नाही.