सीझन देवमाशाचा की बोटीचा?

पायाला भिंगरी / भटक्या

दिवाळी सरली की डोंबिवली-कल्याणकडून एक प्रश्न हमखास येतो : क्रूझवर जायचंय, देवमासे कुठल्या महिन्यात दिसतील?

तारखा सांगणं सोपं आहे. अलास्का जून ते ऑगस्ट, हवाई जानेवारी ते मार्च, श्रीलंकेत मिरिस्सा डिसेंबर ते एप्रिल आणि त्रिंकोमाली साधारण मे ते ऑगस्ट. पण यातल्या पहिल्या दोन तारखा हंपबॅक देवमाशांनी ठरवल्यात. उन्हाळ्यात अलास्काला पोट भरायचं, थंडीत हवाईला पिल्लं घालायची. श्रीलंकेच्या तारखा बोटवाल्यांच्या. नैर्ऋत्येचा वारा सुटला की मिरिस्साचा समुद्र खवळतो आणि धंदा शांत पूर्व किनाऱ्याला जातो. तिथला निळा देवमासा काही पावसाळ्याची सुट्टी घेत नाही.

आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक तर थंड समुद्राकडे जातच नाहीत. पावसाळी वाऱ्याने ओमानच्या आणि केरळच्या किनाऱ्याला खालचं थंड, खाद्याने भरलेलं पाणी वर येतं. मग एवढी पायपीट कोण करील? 1965-66 मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान, भारतासमोर 242 हंपबॅक मारले. त्यांची शरीरं तपासल्यावर ते इथेच राहतात हे लक्षात आलं. ज्ञान मिळवायची ही काय रीत झाली! 2017 मध्ये ओमानला टॅग लावलेली लुबान ही मादी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, भारताच्या दक्षिण टोकापर्यंत फिरली आणि माघारी गेली.

म्हणजे आपण नारळी पौर्णिमेची वाट पाहत किनाऱ्यावर बसतो, तेव्हाही हे प्राणी बाहेर असतात. रेवदंड्याला वाहून आलेला 42 फुटी निळा देवमासा 2015 च्या जूनमधलाच. तो वाचला नाही.

मग मुंबई-गोवा क्रूझवर काय दिसेल? बहुतेक लाटा आणि बुफे. मुंबईसमोर उथळ तळ जवळजवळ 300 किलोमीटर पसरलाय, त्यात बराचसा प्रवास रात्रीचा. मिरिस्साला खोल पाणी किनाऱ्याला लगटून आहे, म्हणून लहान बोटीतूनही देवमासा गाठता येतो. देवमाशासाठी क्रूझचं तिकीट काढू नका, असंच मी सांगेन. क्रूझसाठी काढा आणि डॉल्फिन दिसले तर खूश व्हा.

लहान मुलं असतील तर आधी ऐरोली. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवणारी बोट निघते. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे असतात, बोटीची वेळ मात्र भरती ठरवते. रविवारी दहाला जेवून निघू, हा डोंबिवलीकर हिशोब तिथे चालत नाही.

मिरिस्साला जायचंच तर फेब्रुवारी-मार्च गाठा, पहाटेची बोट घ्या, उलटीची गोळी आदल्या रात्री विसरू नका. बुकिंग करताना एवढंच विचारा : देवमासा दिसल्यावर इंजिन मंद करून लांब थांबता की पाठलाग करता? पाठलागाची फुशारकी मारणाऱ्याला पैसे देऊ नका.