माहितीपत्रकातील महाविद्यालय आणि वर्गातील महाविद्यालय

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांची माहितीपत्रके हाती येऊ लागतात. इमारतीचे छायाचित्र, संस्थेचा इतिहास, नॅकची श्रेणी, अभ्यासक्रमांची यादी आणि प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे हा मजकूर त्यांत बहुधा असतोच. तो आवश्यकही आहे. परंतु ज्या गोष्टींवरून विद्यार्थ्याने निर्णय करावयाचा, त्यांतील बऱ्याच या पत्रकाबाहेर राहतात.

शिरूर आणि दौंड येथील विद्यार्थ्यांना हा निर्णय विशेष कठीण जातो. शिरूरला चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आहे, दौंडला कटारिया महाविद्यालय आहे. दुसरीकडे 1885 साली स्थापन झालेल्या फर्ग्युसनसारख्या पुण्यातील महाविद्यालयांचे आकर्षण असते. घोडनदीकाठच्या शिरूरपासून पुणे सुमारे 67 किलोमीटर; तेथे रेल्वे नाही, त्यामुळे शिक्रापूर, वाघोली या गर्दीच्या रस्त्याने एस.टी.चा प्रवास. दौंड रेल्वेचे जंक्शन असले, तरी तेथूनही पुणे सुमारे 75 किलोमीटर. जाण्यायेण्यात रोज चार तास गेले आणि वर्षाचे 180 अध्यापनदिवस धरले, तर 720 तास केवळ वाटेवर खर्ची पडतात. साहित्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे वाचनाचे तास आहेत. वसतिगृहात राहावे, तर खर्चाचा प्रश्न उभा राहतो. आणि घरात हा हिशेब जुळला नाही, की शिक्षण थांबते ते बहुधा मुलीचे.

म्हणून कला शाखेच्या पदवीसाठी आपल्या शहरातील महाविद्यालयाचा विचार प्रथम करावा, असे माझे मत आहे. मात्र तो डोळसपणे करावा. त्यासाठी चार प्रश्न विचारावेत.

पहिला, निवडलेला अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच महाविद्यालयात दोन्ही प्रकारचे अभ्यासक्रम चालू शकतात आणि त्यांच्या शुल्कात मोठा फरक पडतो. दुसरा, मुख्य विषय म्हणून मराठी प्रत्यक्षात शिकविली जाते का? पुरेसे विद्यार्थी न मिळाल्यास यादीतील विषय वर्गात येतोच असे नाही. तिसरा, त्या विषयाचे पूर्णवेळ अध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरील किती? तासिकेवरील अध्यापक कमी तळमळीने शिकवितात असे मुळीच नाही. पण पुढील वर्षी ते तेथेच असतील, याची शाश्वती त्यांना स्वतःलाही नसते. चौथा, ग्रंथालयातील पुस्तक विद्यार्थ्याला घरी नेता येते का, आणि अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते?

‘पुण्यातील ग्रंथालये, व्याख्याने आणि नाट्यगृहे तालुक्यात कोठून मिळणार?’ हा आक्षेप खरा आहे. हवा असलेला विषय जवळ उपलब्ध नसेल आणि राहण्याची सोय होत असेल, तर पुण्यास अवश्य जावे. परंतु केवळ नावाच्या वलयासाठी जाणे वेगळे. विद्यार्थी पाठ फिरवितात म्हणून तालुक्यातील विषय बंद पडतो, आणि विषय बंद पडला म्हणून आणखी विद्यार्थी पाठ फिरवितात. हे चक्र अखेर ज्याला गाव सोडणे शक्यच नाही, त्याच्या मुळावर येते.

हे चक्र थांबविण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही. शासनाच्या, म्हणजे लोकांच्या पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयाने रिक्त पदे, प्रत्यक्षात चालणारे विषय आणि अभ्यासक्रमनिहाय शुल्क माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापावे. उणिवा सांगितल्याने संस्थेची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट, प्रवेशापूर्वी खरे सांगणारी संस्था प्रवेशानंतरही विश्वासास पात्र ठरते.

विचार करा व लिहा : आपल्या जवळच्या एका महाविद्यालयाचे माहितीपत्रक मिळवा. वरील चार प्रश्नांपैकी किती प्रश्नांची उत्तरे त्यात आढळतात, ते पाहून आपले मत 100 शब्दांत मांडा.