पदवीनंतर घरी थांबलेलं वर्ष : आळस की आजार?

जून-जुलैमध्ये पदवीचे निकाल लागतात. आठ-पंधरा दिवस पेढे वाटण्यात जातात. मग कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न फिरू लागतो, "आता पुढं काय?" कुणी एमपीएससी करायचं ठरवतं, कुणी बँकेच्या परीक्षा. कुणाला पुढच्या वर्षी एमबीएची प्रवेश परीक्षा द्यायची असते, तर कुणाला खरंच काही सुचत नसतं. "एक वर्ष थांबतो" असं म्हणून मुलगा किंवा मुलगी घरी थांबते.

दिवाळीनंतर यातलीच काही मुलं दवाखान्यात दिसू लागतात. मनाबद्दल कुणी बोलत नाही. डोकं दुखतं, पित्त होतं, झोप लागत नाही, केस गळतात, अंगात ताकद नाही, अशा तक्रारी असतात. सोबत आलेली आई म्हणते, "डॉक्टर, एकदा सगळं रक्त तपासा. आणि ह्याला जरा समजावून सांगा, दिवसभर नुसता लोळून असतो."

हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही. माझं मत आधीच सांगतो. पदवीनंतर वर्षभर थांबण्यात काहीच वाईट नाही. पण ज्या वर्षाला वेळापत्रक नाही, माणसं नाहीत आणि शेवटची तारीख नाही, ते वर्ष तब्येतीला महाग पडतं. यात स्वभावाचा दोष फार थोडा आणि परिस्थितीचा बराच असतो. म्हणून समजावून सांगण्यापेक्षा परिस्थिती बदलण्याचा उपयोग जास्त होतो.

कॉलेज आपल्याला काय देत होतं?

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियनथाल नावाचं गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे बेकार झाले. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३३ साली तो प्रसिद्ध केला.

त्यांना वाटलं होतं त्याच्या उलट दिसलं. लोकांकडे वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. रस्त्यावरून पुरुष हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. दिवसभर काय केलं असं विचारलं तर अनेकांना आठवत नव्हतं. बायकांचं तसं झालं नाही, कारण घरकामामुळे त्यांचा दिवस बांधलेला होता.

याहोडा यांनी पुढे यातून सिद्धान्त मांडला. काम पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देतं : दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काहीतरी करत असल्याची भावना, समाजात एक ओळख, आणि नियमित हालचाल.

आता कॉलेजचा दिवस आठवा. सकाळची एसटी किंवा केएमटी, लेक्चर, कँटीन, गॅदरिंग, प्रॅक्टिकल. आणि कुणी विचारलं तर "बीएस्सीला आहे" हे तयार उत्तर. पाचही गोष्टी फुकटात मिळत होत्या, म्हणून त्यांची किंमत कळली नाही. शेवटचा पेपर झाला आणि पाचही एका दिवसात गेल्या. शाहू मिलचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्या पिढीला हे लगेच पटेल. बाहेरून कुणीतरी दिवस सुरू करून देणं ही मोठी सोय असते.

मुलींची गोष्ट थोडी वेगळी आहे. घरी थांबलेल्या मुलीचा दिवस रिकामा राहत नाही. स्वयंपाक, धाकट्याचा अभ्यास, आजीचं औषधपाणी तिच्याकडे येतं. त्यातच स्थळं बघणं सुरू होतं. तिच्या दिवसाला आकार असतो, पण तो तिने ठरवलेला नसतो. "घरीच तर असते" या तीन शब्दांत तिचं सगळं वर्ष निघून जातं. तिच्या थकव्याकडे तर कुणाचं लक्षही जात नाही.

शरीरात काय होतं?

आपल्या मेंदूत झोपेचं एक घड्याळ असतं. बहुतेकांमध्ये ते चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त वेळाचं असतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते पुन्हा जुळवलं जातं. विशीच्या आसपास हे घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं. त्यामुळे या वयात उशिरा झोप येणं हा काही गुन्हा नाही.

पण सकाळी कुठे जायचं नसेल तर हे घड्याळ रोज थोडं थोडं पुढे सरकत जातं. आधी रात्रीचा एक वाजतो, मग तीन. उठायला अकरा होतात. सकाळचा उजेड बुडतो, नाश्ता बुडतो. घरातले सगळे कामाला गेल्यावर दिवस सुरू होतो. रात्री दहाला चहा घेतला तर त्यातल्या कॅफीनचा जवळपास निम्मा भाग पहाटे तीनपर्यंत शरीरात असतो. जोडीला मावा असेल तर तंबाखूतलं निकोटिनही झोप उडवतं. अर्धवट झोपेमुळे चिडचिड होते, पित्त वाढतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. मग "माझ्यात काही दमच नाही" असं वाटू लागतं. सुरुवात झोपेपासून झाली होती हे तोवर विसरलेलं असतं.

आता रक्त तपासायचं का? थकवा बरेच दिवस असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ एकदा बघायला हरकत नाही. त्यातही कारण सापडतं आणि त्यावर उपचार आहेत. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे "काही झालेलं नाही, नाटकं आहेत" असा अर्थ काढू नका. मनाचा त्रास रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

चढउतार कुठपर्यंत चालतील?

पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर रोज सकाळी काय बघतो? राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पंचगंगा चढली म्हणून कुणी लगेच घर सोडत नाही. पाणी चढणार, उतरणार, हे आपल्याला माहीत असतं. आपण तीन गोष्टी बघतो : किती चढलं, किती दिवस टिकलं, आणि उतरतंय का.

मनाचंही असंच बघा. मित्राचं पुण्याला जॉइनिंग झालं आणि त्याचा फोटो पाहून दोन दिवस काही सुचलं नाही, हे साहजिक आहे. लग्नात आत्याने चारचौघांत "अजून घरीच काय रे?" विचारलं आणि जेवण गेलं नाही, हेही साहजिक आहे. चार दिवसांनी गल्लीच्या गणपतीत किंवा शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघताना तुम्ही मनापासून ओरडत असाल, तर पाणी उतरतंय.

इशारा पातळी अशी ओळखा : सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज मन उदास आहे किंवा कशातच गोडी वाटत नाही. त्याबरोबर झोप आणि भूक बिघडली आहे, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं सारखं वाटतं. एवढं असेल तर डॉक्टरांना भेटा. ही नैराश्याची लक्षणं असू शकतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

आणि धोका पातळी : "मी नसतो तर बरं झालं असतं", "सुटका हवी" असे विचार येणं किंवा तसं बोलून दाखवणं. इथे दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची, त्या मुलाला एकटं सोडायचं नाही. "असले विचार येतात का?" असं थेट विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत. उलट विचारलं की बोलणं सोपं होतं.

हे वय नाजूक आहे हे लक्षात घ्या. आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या चोविशीपर्यंत होते, असं अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आढळलं होतं.

"एकच वर्ष" कधीकधी एकच राहत नाही

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा एक वेगळा प्रश्न आहे. त्यांच्या वर्षाची लांबी त्यांच्या हातात नसते. एप्रिल २०२० मध्ये ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा कोरोनामुळे पुढे ढकलत ढकलत शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली. २५ ऑगस्ट २०२४ ला ठरलेली पूर्वपरीक्षा १ डिसेंबर २०२४ वर गेली. दोन्ही वेळा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्या रागात जागांचा आणि वयाचा हिशोब होताच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कधी संपणार हे माहीत नसलेला ताण माहीत असलेल्या ताणापेक्षा जास्त थकवतो.

म्हणून माझा आग्रह आहे की परीक्षेची तारीख आयोगाने ठरवू दे, पण स्वतःची तारीख तुम्ही ठरवा. "अमुक महिन्यापर्यंत पूर्ण जोर लावीन, त्यानंतर घरी बसून पुन्हा विचार करू." हे घरच्यांसमोर बोला आणि कागदावर लिहा. थांबण्याची तारीख ठरवणं म्हणजे हार मानणं नव्हे. उलट तारीख ठरली की आजचा दिवस जरा हलका होतो.

मग करायचं काय?

यादी लांब नाही. पाचच गोष्टी सांगतो.

१. उठण्याची वेळ पक्की करा, झोपण्याची आपोआप जुळेल. उठल्यावर तासाभरात घराबाहेर उजेडात अर्धा तास चाला. रंकाळ्यावर जा, नाहीतर गल्लीत फेऱ्या मारा. गावाकडे गोठा असेल तर सकाळची धार काढून डेअरीला दूध घालायचं काम मागून घ्या. दूध संस्था तुमच्यासाठी थांबत नाही, आणि म्हणूनच हा उपाय चांगला आहे.

२. अभ्यास घरात, पलंगावर करू नका. अभ्यासिकेत किंवा वाचनालयात जा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून याच शहरात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे बोर्डिंगं काढली. शिकणाऱ्या मुलाला फी माफ करून भागत नाही, त्याला जागा आणि सोबत लागते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

३. आठवड्यातले काही तास पैसे मिळतील असं काम करा. शिकवणी घ्या, लक्ष्मीपुरीत मामाच्या दुकानाचा हिशोब बघा. "काम केलं तर अभ्यास बुडतो" असं म्हणतात. परीक्षा महिन्यावर आली असेल तर ते खरं आहे. वर्षभरासाठी मला ते पटत नाही. दिवसाला बारा तास अभ्यासाचा निश्चय करून त्यातले सहा तास मोबाइलमध्ये जाण्यापेक्षा दोन तास काम आणि सहा तास अभ्यास कधीही चांगला.

४. आठवड्यातून दोनदा तरी ठरवून माणसांत जा. तालमीत, मैदानावर, भजनी मंडळात, कुठेही. जिथे "सध्या काय करतोस?" हा प्रश्न येत नाही अशी जागा सोन्यासारखी असते.

५. मन लागायची वाट बघू नका. नैराश्यावरच्या एका उपचाराचा पायाच हा आहे की आधी छोटी कृती करायची, उत्साह मागून येतो. दहा मिनिटं पुस्तक उघडा. मन नाहीच लागलं तर बंद करा, पण उघडा.

आईवडिलांना दोन शब्द

तुमची काळजी खरी आहे. पैसा तुमचा जातोय, वय मुलाचं वाढतंय, आणि शेजारी विचारतात. पण "पुढं काय?" हा प्रश्न रोज जेवणाच्या ताटावर विचारू नका. महिन्यातून एकदा ठरवून बसा, खर्चाचं आणि प्रगतीचं मोकळेपणाने बोला, आणि मधले दिवस त्याला सोडून द्या. पाहुण्यांसमोर त्याची बाजू घ्या. घरातलं एखादं काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवा आणि झाल्यावर त्याची दखल घ्या. मुलगी असेल तर तिच्या अभ्यासाचे तास ठरवा आणि त्या वेळात तिला हाक मारू नका.

आणि ती दवाखान्यात पोटदुखी घेऊन आली असेल, तर पाच मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर थांबलात तर बऱ्याचदा खरी तक्रार तेव्हाच बाहेर येते.

मदत जवळ आहे. सीपीआर हे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसा-रात्री कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलं म्हणजे वेड लागलं, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. दात दुखला की आपण दंतवैद्याकडे जातो, तितकंच हे साधं आहे.

हा लेख वाचणारे तुम्ही सध्या घरी असाल, तर आज एवढंच करा : उद्या किती वाजता उठायचं ते ठरवा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.