खाटा मोजल्या, रोगी राहिला

परप्रांतात चाकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचा मोजदादीशी जन्माचा संबंध आहे. कोणी रेल्वेच्या हिशेबात, कोणी लेखापरीक्षणात, कोणी सचिवालयाच्या तक्त्यांत उभे आयुष्य घालवितो. महिनाअखेरचे विवरणपत्र वेळेवर रवाना झाले की आम्हांस सुखाची झोप लागते. त्यातील आकडा बहुधा खरा असतो. परंतु तो नेमका कशाचा आहे, हे विचारण्याची सवय आम्हांस राहिलेली नाही. ग्रामीण रुग्णालयातील सेवेची प्रत कशी मोजावी, हा विषय आज आम्ही हाती घेत आहो तो या सवयीविरुद्ध तक्रार म्हणून; आणि ती तक्रार प्रथम आमच्याच वर्गाविरुद्ध आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

महाराष्ट्रात ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात, त्यालाच बंगालमध्ये ‘ग्रामीण हासपाताल’ म्हणतात. नियमपुस्तकाप्रमाणे अशा केंद्रात ३० खाटा असाव्यात, शल्यविशारद, वैद्यकतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत, आणि त्याने ८० हजार ते १ लाख २० हजार लोकवस्तीची काळजी वाहावी. या संस्थांना गुण देण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. २०१३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय गुणवत्ता मानके आणली, आणि २०१५ साली स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कार सुरू केला. पहिल्या योजनेत परीक्षणाचे आठ विभाग आहेत. उपलब्ध सेवा, रोग्यांचे हक्क, साधनसामग्री, साहाय्यक सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्गाला आळा आणि गुणवत्तेची व्यवस्था हे सात झाल्यावर आठव्या, म्हणजे शेवटच्या जागी ‘परिणाम’ येतो. शंभरांत सत्तर गुण मिळविले की प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा होतो.

या योजनांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. धुतलेला हात, उकळलेले हत्यार आणि झाकलेला कचरा यांनी जीव वाचतात. आमचे भांडण आहे ते या पत्रकांच्या वापराशी. तपासणीच्या दिवशी भिंत रंगविलेली दिसते, फलक लावलेला दिसतो, नोंदवही भरलेली दिसते. आणि जे दिसते त्यालाच गुण मिळतात. मागच्या महिन्यात सर्पदंशाने आलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे भिंतीवर दिसत नाही. म्हणून ते कोणी विचारीतही नाही.

याच्या उलट उदाहरण शोधण्यास आम्हां कलकत्तेकरांना दूर जावे लागत नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमेवरील बनगाव येथे आले, आणि त्यांच्यामागोमाग पटकीही आली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले, आणि जमिनीवर दाटीने पडलेल्या रोग्यांपर्यंत ते पोहोचविणेही दुष्कर झाले. अशा वेळी कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी दर लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून ते रोग्यांना तोंडाने पाजविले, आणि पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते ते ३.६ टक्क्यांवर आले. या कामाचा वृत्तान्त १९७३ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे जगभर हा उपाय मान्य झाला. महालनबीस २०२२ साली निवर्तले. पद्मविभूषण त्यांना २०२३ साली मरणोत्तर मिळाले.

आता आम्ही आमच्या वाचकांस विचारतो : बनगावच्या त्या रुग्णालयास आजच्या पत्रकाप्रमाणे किती गुण पडले असते? खाटा अपुऱ्या, जमीन ओली, औषध पाजणारी माणसे अशिक्षित. सत्तर तर सोडाच, तीसही पडले असते की नाही, याची शंका आहे. तथापि ते रुग्णालय उत्तम होते हे आज सारे जग मानते, आणि मानते ते एकाच कारणाने : तेथे आलेल्या माणसांपैकी किती जगली आणि किती मेली, हे कोणीतरी मोजून ठेवले होते.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. मृत्यूच मोजावयाचे तर ते चुकीच्या रीतीने मोजणे फार सोपे असते. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या १८६३ सालच्या ग्रंथात लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर दाखविले होते. वर्षभरातील मृत्यूंना एकाच दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागले होते, म्हणून हा अनर्थ झाला. त्या वेळच्या वैद्यकीय पत्रांनी त्यावर झोड उठविली, आणि ती योग्यच होती. परंतु भागाकार चुकला म्हणून मोजणेच सोडून द्यावे, असे त्यावरून कोणीही शहाण्या माणसाने अनुमान काढले नाही.

आमच्याकडे याहून वाईट चूक रोज घडते, आणि तिच्यावर टीका होत नाही, कारण ती आकड्यांत सुबक दिसते. अत्यवस्थ रोगी दाराशी आला की त्याला ‘रेफर’ करावे, म्हणजे वरच्या रुग्णालयाकडे पाठवावे. तो वाटेत मेला तर त्याचा मृत्यू येथल्या वहीत लागत नाही. तेथे पोहोचून मेला तर तो तेथल्या माथी बसतो. जितके अधिक रोगी धाडावेत तितके मृत्यूचे प्रमाण उतरते. बंगालमध्ये या प्रकाराला ‘रेफार रोग’ असे नावच पडले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात धर्मतल्ल्यावर उपोषणास बसलेल्या तरुण डॉक्टरांच्या दहा मागण्यांत रोगी पाठविण्याची मध्यवर्ती व्यवस्था आणि रिकाम्या खाटांची उघड नोंद या मागण्या होत्या. उपोषणाला बसावे लागले तेव्हा कुठे ही गोष्ट कागदावर आली, याची लाज आम्हां तक्ते भरणाऱ्यांना वाटावयास हवी.

उपचार मोजता येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी बीरभूमकडे पाहावे. तेथे ३०४ अनौपचारिक वैद्यांपैकी काहींना नऊ महिने शिक्षण दिले गेले. त्याचा निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. परीक्षकांनी वैद्यांना प्रश्नपत्रिका दिली नाही. छातीत कळ, दमा आणि लहान मुलाची हगवण अशा तक्रारी शिकवून तयार केलेली माणसे रोगी म्हणून त्यांच्याकडे पाठविली आणि प्रत्येकाने काय विचारले, काय तपासले, काय दिले याची नोंद घेतली. शिक्षण घेतलेल्यांचे उपचार सुधारले, पण अनावश्यक औषधे देण्याची खोड गेली नाही. सरकारी केंद्रांतील पदवीधर डॉक्टरांकडेही तेच रोगी गेले. त्यांचे उपचार अधिक बरोबर ठरले. मात्र अनावश्यक प्रतिजैविके देण्यात तेच पुढे होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. असले कटू सत्य कोणत्याही तपासणीपत्रकातून बाहेर आले असते काय?

आणि जो रोगी रुग्णालयापर्यंत आलाच नाही, त्याचे काय? याचे उत्तर आमच्या महाराष्ट्राने दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम मांडले. ३९ गावांत त्यांनी घरोघर नवजात अर्भकांची सेवा सुरू केली. हजार जन्मांमागे नवजातांचे मृत्यू ६२ होते ते २५ वर आले, आणि १९९९ साली ही हकिकत जगापुढे आली. हे शक्य झाले कारण गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला गेला. ‘कोवळी पानगळ’ या २००१ सालच्या अहवालाने तर सरकारी दप्तरातील बालमृत्यू प्रत्यक्षाहून किती कमी आहेत, हे उघड केले. दप्तरात मूल मेलेच नव्हते. मेले होते ते फक्त आईच्या मांडीवर.

तेव्हा मागणी काय, ते स्पष्ट सांगतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने चार गोष्टी मोजाव्यात. पुढे धाडलेला रोगी पोहोचला की नाही आणि तिसाव्या दिवशी जिवंत आहे की नाही. येथे बाळंत झालेली आई बेचाळिसाव्या दिवशी आणि तिचे मूल अठ्ठाविसाव्या दिवशी कसे आहे. हगवणीच्या किती मुलांना क्षार-साखरेचे पाणी मिळाले आणि किती जणांना विनाकारण प्रतिजैविक. आणि दारात पाऊल टाकल्यापासून पहिला उपचार होईपर्यंत किती मिनिटे गेली. यांपैकी एकाही गोष्टीस यंत्र लागत नाही. वही, दूरध्वनी आणि गावातील आशा कार्यकर्ती पुरे. बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९११ ते १९१६ या काळात आपल्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रोग्यांचा असाच माग ठेवला, आणि त्यात आपल्या १२३ चुका निघाल्या हे स्वतःच छापून टाकले.

‘डॉक्टरच नाहीत तेथे मोजणार काय?’ असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, तेथे तर अवश्य मोजावे. तज्ज्ञाची जागा रिकामी असणे हा आज केवळ आस्थापना विभागाचा प्रश्न आहे. तिच्यासमोर वाटेत दगावलेल्यांची संख्या लिहिली गेली तर तो कोणालाही पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही. मात्र एक पथ्य कडक पाळावे लागेल. मोजणारा हा ज्याचे मोजावयाचे त्याहून निराळा असावा, आणि आकडा वाईट आला म्हणून तेथल्या एकट्या डॉक्टरची बदली होऊ नये. शिक्षेची भीती घातली की पुढल्या महिन्यात रुग्णालय सुधारत नाही, वही सुधारते. हे आमच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

पत्रकाचा नमुना आम्ही ठरवितो, तपासणीस आम्ही जातो, अहवालावर सही आमची असते. पुढच्या खेपेस एखाद्या दूरच्या रुग्णालयात गेलो, तर रंगविलेल्या भिंतीकडे पाहण्यापूर्वी गेल्या महिन्यात धाडलेल्या रोग्यांची वही मागावी आणि तीतील शेवटच्या नावाचे काय झाले, ते विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर गुण देण्याचे काम तेथेच थांबवावे.